उंबऱ्याबाहेर आलेले पाणी

न्हाणीघराच्या दाराबद्दल दिवाळी अंकात लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शाळेत मी इतिहास शिकवतो. इतिहास म्हटला म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे गड, तोफा आणि तह उभे राहतात. पानिपतावर प्रश्न येतो, सालबाईच्या तहावर येतो. माणसे अंघोळीला कुठे बसत होती आणि ते पाणी पुढे कुठे जात होते, यावर कधी प्रश्न आलेला मला आठवत नाही. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरातल्या एका गळक्या दाराने मला जे शिकवले, ते माझ्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. शिवाय दिवाळी हा मुळात अंघोळीचा सण आहे. तेव्हा विषय अगदीच अवेळी ठरू नये.

आमची जागा पुण्याच्या एका उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर आहे. न्हाणीघर एकच. तीन वर्षांपूर्वी सौभाग्यवतींच्या आणि मुलीच्या आग्रहाने त्यात शॉवर आला, आणि शॉवरच्या पाठोपाठ काचेचे दार आले. अर्धी काच भिंतीला घट्ट बसवलेली, अर्धी बिजागऱ्यांवर फिरणारी, खाली संगमरवराचा दोन बोटे उंचीचा उंबरा. बसवणारा माणूस सकाळी आला, दुपारी पैसे घेऊन गेला. घर कसे एकदम श्रीमंत दिसू लागले! आठ दिवस आम्ही आल्यागेल्याला ते दार दाखवत होतो. नवव्या दिवशी दाराबाहेर पाण्याचे एक ओघळ दिसले. आम्ही पायपुसणे टाकले. पुढे दोन टाकली. मग रोज कोणी ना कोणी वाकून फरशी पुसायची, अशी घरात रीतच पडली. माणसाला दोषाची सवय किती लवकर होते, हे कादंबऱ्या लिहिताना मला ठाऊक होते. घरात राहताना मात्र लक्षात आले नाही.

श्रावणात आई त्या पाण्यावरून घसरली. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. ती कोणाला काही बोलली नाही. प्लास्टर निघाल्यावर मात्र तिने अंघोळीची वेळ बदलली. आम्ही सारे बाहेर पडल्यावर, दुपारी, ती दारापर्यंत जायची आणि बाहेरच्या बाहेर ओल्या पंचाने अंग पुसून घ्यायची. ही गोष्ट मला मुलीकडून कळली. ‘‘बाबा, आजी हल्ली अंघोळ करतच नाही,’’ असे ती म्हणाली, आणि लगेच आजीचे गुपित फोडल्याबद्दल जीभ चावून पळाली. माझी आई म्हणजे पारोशा माणसाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू न देणारी बाई. तिने अंघोळ सोडली, याचा अर्थ तिची भीती किती मोठी असेल! आणि ती भीती मी घरात पैसे मोजून आणली होती.

दार बसवणाऱ्याला मी चार वेळा निरोप धाडले. तो प्रत्येक वेळी ‘‘उद्या येतो सर’’ म्हणाला. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि हे काम आपणच करायचे, असे मी ठरवले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. हातोडीने खिळ्यापेक्षा बोटावर अधिक नेम बसणारा. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते: कुठल्याही भांडणात तो आधी ‘हे सुरू कधी झाले’ असे विचारतो. मी दारापुढे स्टूल टाकून बसलो आणि तोच प्रश्न विचारू लागलो.

मोहेंजोदडोचे महास्नानगृह सर्वांना ऐकून माहीत असते. राखालदास बॅनर्जींनी १९२२ साली त्या टेकाडांवर उत्खनन सुरू केले आणि १९२५-२६ च्या सुमारास जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली हे स्नानगृह उघडे झाले. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आतबाहेर खोल असा तो हौद आहे. मुलांना मी ही मापे दरवर्षी पाठ करायला लावतो. पण त्या दिवशी स्टुलावर बसल्याबसल्या मला मापांपेक्षा वेगळेच काही आठवले. त्या गवंड्यांनी विटा आडव्या न टाकता उभ्या कडेवर, अगदी एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या. सांध्यांत जिप्समचा गारा भरला होता. आणि एवढ्यावर विश्वास न ठेवता भिंतीच्या पाठीमागे डांबराचा एक थर दिला होता. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला पक्के ठाऊक होते, की पाणी आज ना उद्या पहिल्या भिंतीतून पलीकडे येणारच. त्याने दुसरी भिंत आधीच उभी करून ठेवली. आमच्या दारवाल्याने पहिलीच अर्धी ठेवली होती.

तरीसुद्धा महास्नानगृहापेक्षा त्या नगरातली साधी घरे मला जास्त मोलाची वाटतात. घराघरात न्हाण्याची जागा होती. भाजक्या विटांची, घासून गुळगुळीत केलेली, सांधा दिसू नये इतकी नेटकी फरशी. तिला एका कोपऱ्याकडे उतार. कोपऱ्यात पाणी जायला वाट. आणि ती वाट गल्लीतल्या झाकलेल्या गटाराला मिळालेली. राजे कोण होते, लढाया कोणत्या झाल्या, याचा तिथे पत्ता लागत नाही. लिपी वाचता येत नाही. पण फरशीचा उतार आपल्याला वाचता येतो. त्यावर तांब्याभर पाणी ओतले, तर ते आजही कुठे जायचे ते सांगेल.

आपल्याकडे दख्खनमध्ये हे शास्त्र विटेऐवजी दगडात उतरले. कान्हेरीच्या लेण्यांत जो कोणी पावसाळ्यात गेला असेल, त्याने डोंगराच्या अंगावर खोदलेले बारीक पाट पाहिले असतील. पाऊस खडकावर पडतो, पाटातून वळतो आणि जागोजागच्या टाक्यांत जातो. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी खोदवून दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. भिक्षूंच्या वसतीला गळती चालणार नव्हती. टाके फुटले तर उन्हाळा कोरडा गेला. खडकाला सांधा नसतो, हा त्याचा मोठा गुण. गळतीची सारी कथा ही सांध्यांची कथा आहे. जिथे दोन वस्तू एकत्र येतात तिथून पाणी जाते.

पेशवाईत सांधे चुन्याने भरले जात. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून पुण्यात दगडी नळाने पाणी आणले गेले. शनिवारवाडा आणि शहरातले सार्वजनिक हौद त्यावर भरत. त्या मैलोगणती बांधकामाला चुना किती लागला असेल, याची कल्पनाच करावी. तो चुनाही आजच्यासारखा पिशवी फोडून कालवायचा नव्हे. चुन्याच्या घाणीत बैल फिरायचा, दगडी चाक दिवसचे दिवस गरगरायचे, आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे काय काय पडायचे. माझे आजोळ वाईचे. तिथल्या वाड्याची भिंत पाडली तेव्हा मी लहान होतो. विटा सुट्या झाल्या, पण चुना सुटेना. गवंडी घाम पुसत त्या भिंतीला शिव्या देत होता आणि त्याच दमात तिची वाखाणणीही करत होता.

त्या वाड्याचे न्हाणीघर आईच्या बोलण्यात नेहमी येते. परसदारी एक काळ्या दगडाची प्रशस्त शिळा, तिला परसाकडे उतार. कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्याच्या पोटातल्या नळीत गोवऱ्या आणि ढलप्या घालायच्या. पितळी घंगाळ, तांब्या, बसायला पाट. दार म्हणजे एक फळ्यांचा पडदा; खालून वीतभर उघडा. शिळेवरचे पाणी चुळुकचुळुक करत भिंतीतल्या भोकातून परसात जाई, आणि तिथे केळी, कर्दळ, अळू मातलेले असे. आईच्या माहेरी अळूची भाजी विकत आणणे हा कमीपणा समजत. सांडपाणी हा शब्दच तिथे खरा नव्हता. पाणी सांडत नसे, एका कामाहून दुसऱ्या कामाला जात असे.

मुंबईला माणसे चाळीत राहायला गेली, तेव्हा परस मागे राहिले. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले, १८९२ मध्ये तानसाचे आले. चाळीच्या खोलीला मिळाली ती कोपऱ्यातली मोरी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे बालपण मोरीत गेले आहे. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे, आणि कोपऱ्यात चार हात जागेला चार बोटांचा काठ. त्या काठाच्या आत भांडी, धुणी, अंघोळी; काठाबाहेर सतरंजी. आणि तरी सतरंजी भिजत नसे! चार बोटांच्या काठाने जे साधले ते आमच्या सहा फुटी काचेला का साधू नये? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला, आणि त्याचे उत्तर सापडले तेव्हा मी स्टुलावरून उठलोच.

उत्तर सोपे आहे. मोरीत माणूस बसून अंघोळ करतो.

पाटावर बसून तांब्या डोक्यावर ओतला, तर पाणी अंगाला धरून खाली येते. ते जमिनीवर फार उंचावरून पडत नाही, म्हणून उडतही नाही. उडाले तरी गुडघ्याच्या वर जात नाही. त्याला अडवायला काठ पुरतो. माणूस उभा राहिला आणि पाणी साडेसहा फुटांवरून कोसळू लागले, की त्याच पाण्याचे शिंतोडे भिंतींना लागतात, दाराला लागतात. काठाची भिंत करावी लागते. बसणारा माणूस उभा का राहिला, हा मग खरा ऐतिहासिक प्रश्न झाला. आणि त्यासाठी मला विलायतेला जावे लागले, अर्थात वाचनालयातून.

लंडनच्या लडगेट हिल भागातल्या विल्यम फीदम या शेगड्या करणाऱ्या कारागिराने १७६७ साली शॉवरचे पेटंट घेतले. पंपाने पाणी डोक्यावरच्या भांड्यात चढवायचे आणि साखळी ओढून अंगावर सोडायचे, अशी त्याची योजना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१० च्या सुमारास, श्रीमंतांसाठी त्याची एक देखणी आवृत्ती निघाली: दहा फुटांहून उंच, वर टाकी, खाली टोपले, मध्ये धातूच्या नळ्या, आणि त्या नळ्या बांबूसारख्या दिसाव्यात म्हणून रंगवलेल्या. खाली साठलेले तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवून पुन्हा अंगावर घ्यायचे! आईला मी हे वाचून दाखवले, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ‘‘उष्ट्या पाण्याने अंघोळ? आणि हे लोक आपल्यावर राज्य करून गेले!’’

नव्या वस्तूचा सोस लेखकांनाही सुटत नाही. चार्ल्स डिकन्सने १८५१ साली लंडनमधल्या टॅव्हिस्टॉक हाउस या आपल्या नव्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा गार पाण्याच्या शॉवरसाठी त्याने आपल्या इंजिनियर मेव्हण्यामागे पत्रांचा ससेमिरा लावला होता. एवढा मोठा कादंबरीकार; पण घराच्या दुरुस्तीत तोही आपल्यासारखाच कासावीस झाला, हे वाचून मला बरे वाटले.

उभ्या अंघोळीबरोबर आधी पडदा आला आणि मग काच. काच हा प्रकार न्हाणीघरात आणणे म्हणजे धाडसच होते, कारण ओला माणूस घसरतो आणि साधी काच फुटली तर तिचे सुरे होतात. यावरचा उपाय एका खेळण्यातून निघाला म्हटले तरी चालेल. वितळलेल्या काचेचा थेंब गार पाण्यात टाकला, की तो शेपटी असलेल्या टपोऱ्या थेंबासारखा गोठतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही. शेपटी मोडली तर क्षणात त्याचा भुगा होतो. राजपुत्र रूपर्टने १६६० च्या सुमारास हे थेंब इंग्लंडात आणले. दुसऱ्या चार्ल्स राजाने ते रॉयल सोसायटीच्या पंडितांकडे सोपवले. पंडित पुष्कळ चक्रावले. काचेचे बाहेरचे अंग एकदम गार होते आणि आतले मागाहून आकसू लागते, त्यामुळे बाहेरचे कातडे दाबाखाली घट्ट राहते, हे पुढे उमगले. १८७४ साली रॉयर द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थाने तप्त काच तेलात बुडवून मजबूत करण्याचे पेटंट घेतले. आता सहाशे अंशांहून अधिक तापलेल्या काचेवर गार हवेचे झोत सोडून हेच करतात. अशी काच फुटलीच तर तिचे बोथट खडे होतात. मात्र एकदा ती अशी टणक केली, की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. दाराचे माप आधी घ्यावे लागते, आणि ते चुकले तर चुकलेच.

आमचे चुकले होते. दाराच्या खालच्या कडेपासून उंबऱ्यापर्यंत एका बाजूला करंगळी जाई, दुसऱ्या बाजूला जात नसे. म्हणजे जमीन सपाट नव्हती, आणि काच तर सरळच असणार. काच कापता येणार नाही, जमीन उखडता येणार नाही. खाली जी प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी लावली होती, तिच्यावरच आता सगळी मदार.

निदानासाठी मी माझ्या धंद्याचे हत्यार काढले: खडू. दाराबाहेर फरशीवर खडूची पूड भुरभुरली आणि तिच्यापलीकडे वर्तमानपत्रे अंथरली. पहिल्यांदा दाराला पाणी लागू न देता आत नुसती जमिनीवर बादली ओतली. पाच मिनिटे काही झाले नाही. मग भिंतीलगत, जिथे उंबऱ्याचा दगड टाईल्सना भिडतो, तिथे खडू हळूहळू काळवंडला. ही एक चोरवाट. दुसऱ्यांदा शॉवर सोडून तो दाराच्या काचेवर धरला. या वेळी वाट पाहावी लागली नाही. दाराच्या संबंध रुंदीभर पाणी बाहेर टपटपू लागले आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख पाहता पाहता भिजून गेला.

मी जमिनीवर पालथा पडून त्या पट्टीकडे पाहिले. पट्टीला दोन जिभा असतात. एक सरळ खाली, उंबऱ्याला टेकणारी. दुसरी तिरकी, पन्हाळीसारखी. काचेवरून ओघळणारे पाणी त्या तिरक्या जिभेवर यावे आणि आत ढकलले जावे, यासाठी ती असते. आमच्या दाराची तिरकी जीभ बाहेरच्या बाजूला होती! तीन वर्षे ती पट्टी इमानेइतबारे आपले काम करत होती. पाणी नेमून दिलेल्या दिशेला ढकलत होती. बसवणाऱ्याने तिला दिशाच उलटी दिली होती. कौलारू घराच्या पन्हाळीचे तोंड ओसरीकडे करावे, त्यातला हा प्रकार.

पट्टी काढली, टोकाला टोक बदलून उलटी लावायला गेलो. पण ती पिवळी पडून कडक झाली होती, मुडपेना. हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणली. ती सैल बसली. दुकानदाराने विचारले, ‘‘सर, काच आठ मिलिमीटर की दहा?’’ मी मापाशिवाय गेलो होतो. ज्या चुकीसाठी दारवाल्याला तीन वर्षे नावे ठेवली ती मीही केली. दुसऱ्या खेपेला आठची आणली. उतरती बाजू लक्षात घेऊन जीभ किंचित लांब ठेवली, एका बाजूने थोडी कापली, आणि दार फिरवून पाहिले. जीभ उंबऱ्यावरून मांजराच्या शेपटीसारखी मऊ सरकली.

राहिला सांधा. पूर्वी तो पांढऱ्या सिमेंटने भरलेला होता. सिमेंट १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने पेटंट घेऊन जगात आणले, आणि त्यावर जगाची घरे उभी राहिली, हे खरे. पण सिमेंटला वाकणे ठाऊक नाही. दगड उन्हाने फुगतो, इमारत जराशी हलते, दार रोज आपटते. सिमेंटला केसासारखी चीर पडते. जुना चुना त्या मानाने सोशिक. अशा जागी हल्ली रबरासारखे ताणणारे सिलिकॉन भरतात. या पदार्थाची हकीकत मला सर्वांत आवडली, कारण तिचा नायक एक शिक्षक आहे.

नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत सिलिकॉन हे नाव दिले. चाळीसएक वर्षे ते वाळूतल्या सिलिकॉन या मूलद्रव्यापासून नवी संयुगे करत राहिले. (मूलद्रव्याचे आणि या पदार्थाचे नाव मराठीत एकच दिसते, त्याला इलाज नाही.) त्यांना हवे असत नीटस स्फटिक, हाती येई चिकट, गोंदासारखा लगदा. तो त्यांना उपद्रव वाटे. या शाखेतून जवळच्या काळात फारसे काही निघेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी १९३० च्या दशकातल्या एका व्याख्यानात काढले. १९४३ साली अमेरिकेत त्याच चिकट द्रव्यांसाठी डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली. युद्धातल्या विमानांच्या इंजिनात ओल शिरू नये म्हणून त्यांतले एक वंगण वापरले जाऊ लागले. किपिंग १९४९ मध्ये वारले. जो लगदा त्यांनी आयुष्यभर भांड्यातून खरवडून टाकला, त्यानेच आज जगातली न्हाणीघरे मिटवली जातात.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी जुना सांधा पात्याने खरवडला, जागा पुसून पंख्याने वाळवली, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली आणि पिचकारीने सिलिकॉनची रेघ ओढली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती दाबली. उंबऱ्याच्या माथ्यालाही बाहेरच्या बाजूला नकळत उतार होता. तो बदलणे माझ्या आवाक्यातले नव्हते, म्हणून दाराच्या आतल्या अंगाला बोटभर उंचीची एक पारदर्शक पट्टी त्याच सिलिकॉनने उंबऱ्यावर चिकटवून टाकली. लांबून पाहिले तर काय? मोरीचा काठ! घरभर आंबूस वास सुटला. मुलगी ओरडली, ‘‘आई, लोणच्याची बरणी फुटली का?’’ हे सिलिकॉन हवेतली ओल पिऊन घट्ट होते आणि होताना व्हिनेगरचा वास सोडते. ओल अडवणाऱ्याला आधी ओल प्यावी लागते, ही मोठी गंमत आहे.

नळकांड्यावर लिहिले होते, चोवीस तास पाणी लागू देऊ नये. हे मी घरात सांगितल्यावर एकच हलकल्लोळ झाला. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. ‘‘अहो, सणासुदीला सगळ्यांनी पारोसे राहायचे?’’ सौभाग्यवती म्हणाल्या. मी खाली मान घातली. आणि तेव्हा आई उठली. तिने माळ्यावरून वाईचे घंगाळ काढायला लावले. धुणे धुण्याच्या गॅलरीला दोन जुनी लुगडी आडवी बांधली. पाट मांडला. पहाटे गॅसवर पातेली चढली, आणि एकेक करून आम्ही सारे त्या लुगड्याआड बसून न्हालो. पाटावर बसलेला माणूस गॅलरीच्या भोकाकडे पाणी घालवी. बाहेर एक थेंब आला नाही. सर्वांत शेवटी आई स्वतः न्हायला गेली. किती महिन्यांनी! लुगड्याआडून तांब्याचा आवाज येत होता आणि मी उगीचच वर्तमानपत्र उलटेपालटे करीत बसलो होतो.

त्या रात्री पुन्हा खडू, पुन्हा वर्तमानपत्र. अर्धा तास शॉवर काचेवर धरला. अग्रलेख कोरडा राहिला.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला आईला तेल लावले, उटणे लावले. मी न्हाणीघरात पाट ठेवला, भिंतीला तिच्या हाताच्या उंचीवर एक दांडा आदल्या दिवशीच बसवून घेतला होता. ती दाराशी थांबली. काचेकडे पाहिले नाही. खाली, बाहेरच्या फरशीकडे पाहिले. चप्पल काढून अनवाणी तळवा फरशीवर फिरवला, जसा पूर्वी दळलेल्या पिठात बोट फिरवून पाहायची तसा. मग म्हणाली, ‘‘कोरडी आहे रे.’’ आणि आत गेली. दार आपल्या हाताने लावून घेतले.

‘‘शॉवर नको हं मला,’’ आतून आवाज आला. ‘‘तांब्या दे.’’

तांब्या दिला. मुलगी बाहेर फुलबाजी घेऊन उभी होती. थोड्या वेळाने आतून पुन्हा आवाज आला, ‘‘अरे बाळ, हे पाणी आता जातं कुठे?’’

मी सांगू लागलो, की जाळीतून नळात, नळातून खाली मोठ्या नळात, आणि तिथून... तिने मध्येच तोडले. ‘‘म्हणजे केळीला नाहीच,’’ ती म्हणाली, आणि कारीट कुठे ठेवले आहे ते विचारले. कारीट आणायला मी साफ विसरलो होतो.